वाढदिवस शनिवारी घरी, राणीबाग रविवारी: लहान मुलांच्या आईबाबांसाठी

लेकीचे पहिले चार वाढदिवस आम्ही चार तऱ्हांनी केले आणि चारही वेळा रात्री साडेनऊला घरात कोणीतरी रडत होतं. पहिल्याला हॉल घेतला होता. उत्सवमूर्ती केक यायच्या आधीच बाबाच्या खांद्यावर झोपली. तिसऱ्याला सकाळी सहल आणि संध्याकाळी पार्टी असा बेत केला. त्या रात्री रडणारी मी होते.

पाचव्याला जमलं. शनिवारी घरी वाढदिवस आणि रविवारी मुंबईच्या राणीबागेत, म्हणजे प्राणिसंग्रहालयात, सहल, दोन्ही थोडक्यात. एका दिवसात मोठी गोष्ट एकच, आणि तीही दुपारच्या झोपेला धक्का न लावता. आम्ही डोंबिवलीला राहतो, मुलगी आता पाचची, धाकटा सव्वादोनचा, घरात सासूबाई. पहिल्यांदाच असा बेत करणाऱ्यांसाठी काय केलं ते क्रमाने लिहिते, आणि कुठे फसलो तेही.

१. तारीख ठरवा, पण आजीला तिथी विचारून

वाढदिवस बुधवारी आला तर सोहळा शनिवारी करा. पाच वर्षांच्या मुलाला तारीख कळत नाही, केक कळतो. खरी अडचण आजीची असते. तिथी दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे उडी मारते, त्यामुळे तिथीने आणि तारखेने येणारे वाढदिवस एकत्र पडणं हा योगच. आमच्याकडे तिथीला देवापुढे दिवा आणि वाटीभर खीर, बाकी सगळं शनिवारी, अशी तोड निघाली. हे आधी बोलून घ्या. शनिवारी सकाळी पाट मांडल्यावर "तिथी तर गेल्या आठवड्यातच झाली" हे वाक्य ऐकायची कुणाचीच तयारी नसते.

आमचा वाढदिवस जानेवारीतला, त्यामुळे धाकट्याचं बोरन्हाणही त्याच दिवशी उरकून घेऊ असा प्रस्ताव आला. खर्च वाचतो, पाहुणे एकदाच येतात, सगळं खरं. तरी नको म्हणा. एकाच्या डोक्यावरून बोरं-चुरमुरे पडताहेत आणि दुसरी "माझा वाढदिवस आहे ना?" म्हणून पाय आपटतेय, हे दृश्य मी नणंदेकडे पाहिलेलं आहे.

२. बोलवायचं किती जणांना

वयाइतकी मुलं आणि वर दोन-तीन. पाचव्याला सात-आठ मुलं पुष्कळ झाली. आमच्या ६०० फुटांच्या घरात बारा आली, कारण मजल्यावरच्या एकाला बोलावलं की त्याच्या भावाला वगळता येत नाही. ते धरूनच आकडा काढा.

निमंत्रणात सुरू व्हायची वेळ असतेच. संपायची वेळही लिहा. "संध्याकाळी ५ ते ७." आधी मला हे उद्धटपणाचं वाटायचं. पण सोसायटीतल्या आयांनी उलट आभार मानले, कारण त्यांनाही कुकर लावायचा असतो. आणखी एक ओळ लिहा: "कोणाला काही चालत नसेल तर कळवा." कोणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, कोणाकडे शनिवारी अंडं चालत नाही. केक सरळ एगलेस घेतला की निम्मे प्रश्न मिटतात.

३. औक्षण

हा भाग अनेक नव्या आईबाबांना नीट माहीत नसतो आणि विचारायचा संकोच वाटतो, म्हणून सविस्तर सांगते. घराघरांत फरक असतो, हे आमच्याकडचं.

तबकात काय लागतं: हळद, कुंकू, अक्षता, अख्खी सुपारी, सोन्याची अंगठी, तुपातल्या फुलवातीचं निरांजन, काडेपेटी आणि एखादा पेढा किंवा साखर. काडेपेटी मुद्दाम लिहिली आहे. गॅस पेटवायला लायटर असलेल्या घरात ती ऐन वेळी सापडत नाही.

पाट मांडून भोवती रांगोळी काढा, मुलाला पूर्वेकडे तोंड करून बसवा, मुलगा असेल तर डोक्यावर टोपी. आधी कुंकू लावायचं, मग डोक्यावर अक्षता. मग सुपारी आणि अंगठी हातात धरून चेहऱ्याभोवती ओवाळायची, मग निरांजन, शेवटी तोंडात गोड. मूल वाकून नमस्कार करतं, किंवा करत नाही. नाही केला तर सोडून द्या, फोटोसाठी मान दाबू नका.

आमचा घोटाळा निरांजनाशी झाला. चौथ्या वाढदिवसाला मी तबक तिच्या तोंडासमोर नेलं, तिने गाल फुगवले आणि फूः! सासूबाईंचा हात तोंडावर गेला. वातीतून धुराची बारीक रेघ वर जात होती आणि लेक टाळ्यांची वाट बघत आमच्याकडे बघत होती. चूक तिची नव्हती. शाळेत आणि शेजारी तिने पाहिलेल्या प्रत्येक वाढदिवसाला समोर ज्योत आली की फुंकायचीच असते. यंदा आदल्या रात्री झोपताना सांगून ठेवलं: सकाळचा दिवा आजीचा, तो फुंकायचा नाही, संध्याकाळची मेणबत्ती तुझी. सकाळी ज्योत जवळ आली तेव्हा तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. फोटो तसाच आला आहे.

दोन सूचना. मुलीचे केस आधी बांधा आणि तो जाळीचा फुगीर फ्रॉक संध्याकाळसाठी ठेवा. औक्षणाला सुती कपडे. आणि कोण ओवाळणार ते आदल्या दिवशीच ठरवा. सासरे गेल्यापासून सासूबाई औक्षणाच्या वेळी स्वयंपाकघरात काहीतरी काम काढायच्या. कोणी त्यांना बस म्हणालं नव्हतं, कोणी ये म्हणालं नव्हतं. यंदा शुक्रवारी रात्री मी म्हटलं, "आई, उद्या पहिलं तुम्हीच ओवाळा." त्या "बघू" म्हणाल्या. सकाळी सात वाजता न्हाऊन, इरकल नेसून बसल्या होत्या.

४. संध्याकाळचे दोन तास

क्रम असा ठेवा: आल्या आल्या अर्धा तास मोकळं खेळणं, मग केक, मग खाणं, मग एखादा खेळ, मग रिटर्न गिफ्ट आणि टाटा. सगळे आल्यावरच केक कापू असं ठरवलंत तर पावणेसात वाजतात. साडेपाचला जे असतील त्यांच्यासह कापा.

केक एक किलोचा पुरे. लहान मुलं क्रीम चाटतात आणि उरलेला स्पंज सोफ्याच्या फटीत घालतात. वीस तुकडे आरामात होतात.

खाण्याच्या बाबतीत मी जुन्या वळणाची आहे: केक, वेफर्स, बटाटेवडा, आणि मुलांसाठी बिनतिखटाची छोटी इडली. यंदा हौसेने मोमो मागवले होते. बारापैकी नऊ मुलांनी इडली मागून घेतली. वड्याचं सारण सकाळीच करून गोळे वळून ठेवा आणि पाहुणे आल्यावर तळा. पण तळणारी व्यक्ती आईसोडून दुसरी हवी, नाहीतर केक कापतानाच्या प्रत्येक फोटोत आई गायब असते. माझ्याकडे असे तीन वर्षांचे फोटो आहेत.

आता जिथे हयगय नको ते:

फुगे तोंडाने किंवा पंपाने फुगवलेले घ्या. रस्त्यावर मिळणाऱ्या गॅसच्या फुग्यांत अनेकदा हायड्रोजन असतो आणि तो मेणबत्तीजवळ पेट घेतो. तोच नियम त्या फसफसणाऱ्या बर्फाच्या स्प्रेला. तो कॅनमधून येतो, ज्वालाग्राही असतो आणि लोक नेमका मेणबत्ती पेटलेली असताना मारतात. आमच्याकडे एका काकांनी खिशातून काढलाच होता. मी हसत हसत काढून घेतला आणि फ्रिजवर ठेवला.

फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला. धाकटं भावंड ते तोंडात घालतं आणि रबराचा तुकडा घशात चिकटला तर निघत नाही. अख्खी द्राक्षं, शेंगदाणे, कडक गोळ्या तीन-चार वर्षांखालच्या मुलांच्या ताटलीत नकोतच. द्राक्षं द्यायचीच तर उभी चिरून.

५. रिटर्न गिफ्ट

शिट्टी, पिपाणी आणि चिखलासारखं ते चिकट स्लाइम सोडून काहीही. शेजारणीशी वर्षभर बोलायचं असतं. आम्ही खडू आणि एक कोरी वही दिली, बाराही मुलांना एकाच रंगाची. रंग वेगळे आणलेत तर पाच मिनिटांत तुमच्या दारात पंचायत भरते.

६. शनिवारी रात्री: पिशवी

पसारा तसाच राहू द्या, पिशवी मात्र भरून झोपा. एकच पिशवी, पाठीवरची, म्हणजे हात मोकळे राहतात. आमच्या पिशवीत होतं: प्रत्येकी एक पाण्याची बाटली, दोन्ही मुलांचा कपड्यांचा एकेक जोड आणि जादा दोन चड्ड्या, वेट वाइप्स, टिश्यूचा रोल, एक रिकामी पिशवी ओल्या कपड्यांसाठी, टोपी, बँडेडच्या पट्ट्या, आणि राजगिऱ्याचे लाडू. कागदपत्र म्हणाल तर मुलांच्या आधार कार्डाचा किंवा जन्मदाखल्याचा फोटो फोनमध्ये असू द्या. वयावरून तिकीट ठरतं, आणि उंच मुलांच्या आईवर कोणी पटकन विश्वास ठेवत नाही.

ढकलगाडी नेऊ नका. बागेत ती छान चालते, पण तिथवर पोचायला स्टेशनचे जिने आणि लोकलचा डबा लागतो. झोपलेलं मूल एका हातात, घडी न होणारी गाडी दुसऱ्या हातात आणि पुलावर समोरून येणारी गर्दी, हे आम्ही एकदा करून पाहिलं. आता धाकट्यासाठी अंगाला बांधायची झोळी.

७. लोकल आणि मेगाब्लॉक

राणीबाग म्हणजे भायखळा पूर्व. मध्य रेल्वेवर राहणाऱ्यांना एकच गाडी, बदलाबदली नाही. डोंबिवलीहून फास्टने तासभर लागतो. भायखळ्याला थांबते ना ते इंडिकेटरवर बघून घ्या.

रविवार म्हणजे मेगाब्लॉक, रुळांच्या दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद किंवा दुसऱ्या रुळावर वळवलेल्या. कुठल्या मार्गावर, किती ते किती, हे रेल्वे आदल्या एक-दोन दिवसांत जाहीर करते आणि पेपरात येतं. नवखे लोक जातानाची गाडी बघतात आणि खूश होतात, कारण ब्लॉक बहुतेक वेळा सकाळी उशिरा सुरू होतो. फसतात येताना. दुपारी एक-दीडला, मुलं पेंगुळलेली असताना, तुम्ही बरोबर ब्लॉकच्या मध्यात असता, फास्ट गाड्या स्लोच्या रुळावर आणि डबा भरलेला. आमचा तासाचा प्रवास पावणेदोन तासांचा झाला. ब्लॉक तुमच्याच मार्गावर असेल तर सरळ पुढचा रविवार धरा.

पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेचं तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धं. हे माहीत असूनही मी विसरले होते की शनिवारपर्यंत फुकट जाणारी माझी मुलगी रविवारी तिकीटवाली झाली आहे. खिडकीवर गेल्यावर लक्षात आलं. तिचं तिकीट मुद्दाम वेगळं मागून घेतलं आणि तिच्या हातात दिलं. कालच्या सगळ्या भेटवस्तूंपेक्षा तिला त्याचं अप्रूप. डब्यात समोर बसलेल्या चार माणसांना तिने ते दाखवलं.

दादर गेलं की उठायला लागा. भायखळ्याला उतरल्यावर पूर्वेकडे जाताना स्टेशनच्या जुन्या इमारतीकडे मान वर करून बघा. तिचं जतनाचं काम इतकं सुरेख झालं आहे की २०२२ साली युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांत तिचा गौरव झाला. तिथून बाग चालत दहा मिनिटं, मुलांच्या पायांनी वीस.

८. राणीबागेत

पाटीवरचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान व प्राणिसंग्रहालय; रिक्षावाल्यापासून आजीपर्यंत सगळ्यांसाठी राणीबाग. बाग १८६२ सालची. बुधवारी बंद. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बरेचदा बाग उघडी ठेवतात आणि गुरुवारी बंद, तेव्हा सुट्टी जोडून बेत करणाऱ्यांनी आधी चौकशी करा. जानेवारी-फेब्रुवारीत महापालिकेचं फुलांचं प्रदर्शन इथे भरतं. फुलं बघण्यासारखी असतात, पण त्या शनिवार-रविवारी मूल कमरेएवढ्या उंचीवरून फक्त लोकांचे गुडघे बघतं.

दार साडेनऊला उघडतं. साडेनऊलाच हजर राहा. आम्ही गेलो तेव्हा मोठ्यांना ५० रुपये, ३ ते १५ वर्षांच्या मुलांना २५, आणि आईबाप व दोन मुलं अशा कुटुंबाचं एकत्र तिकीट १०० रुपये होतं. आमचा धाकटा तीनच्या आतला, म्हणजे फुकट. तेव्हा आमची तिकिटं वेगवेगळी काढली असती तर १२५ झाले असते आणि एकत्र १००. खिडकीवर "फॅमिली" असा शब्द उच्चारा, आपणहून कोणी सुचवत नाही.

नाश्ता बाहेर करून आत जा आणि जेवण बाहेर आल्यावर. डबा घेऊन आत बसायचा बेत करू नका. प्राण्यांना काही द्यायचं नाही हे तर आहेच, पण लहान मुलांच्या हातातलं खाणं कावळे सोडत नाहीत.

आत शिरण्याआधी तीन कामं. मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढा, म्हणजे शोधायची वेळ आली तर "निळा की हिरवा शर्ट" असं होत नाही. हातावर पेनाने तुमचा फोन नंबर लिहा. आणि मुलाला सांगा: आई दिसेनाशी झाली तर आहेस तिथेच उभं राहा, आई शोधत येते. पळत सुटायचं नाही.

मग थेट पेंग्विन. अकरानंतर तिथली रांग वळसे घेते. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन, मूळ चिली आणि पेरूच्या किनाऱ्याचे. २०१६ साली सोलहून इथे आले आणि मार्च २०१७ पासून लोकांना बघायला मिळू लागले. काचेमागे थंडगार, बाहेर मुंबई. फ्लॅश बंद ठेवा. आत गर्दी पुढे सरकवत राहते, तेव्हा मूल आधीच कडेवर घ्या, काचेशी पोचल्यावर उचलायला वेळ मिळत नाही.

पेंग्विननंतर यादी करू नका. सगळे पिंजरे बघून संपवायचा हट्ट हा आईबापांचा असतो. आम्ही वाघाकडे गेलो, तो झाडामागे झोपला होता, शेपटी तेवढी दिसली. पाणघोडाही पाण्यात बुडालेला. नवरा म्हणाला, चला, काही दिसत नाही. तेवढ्यात हिरवट पाण्यावर दोन छोटे कान आले, गोल फिरले, पाणी झटकलं आणि पुन्हा खाली. धाकटा ओरडला, "कान!" मग आम्ही वीस मिनिटं कठड्याला टेकून कानांची वाट बघत होतो. ते पाच वेळा वर आले. अजूनही तो राणीबागेला "कानबाग" म्हणतो.

उन्हं चढली की प्राणी सावलीत जातात आणि बघण्यासारखं कमी उरतं, तेव्हा झाडांकडे वळा. बाग मुळात झाडांची आहे. गोरखचिंचेचा तो गलेलठ्ठ बुंधा दाखवा आणि त्याला कवेत घ्यायला किती जण लागतील ते मुलांना मोजू द्या.

शू लागली का हे दर अर्ध्या तासाने विचारा. "नाही" हे उत्तर धरून चालू नका. स्वच्छतागृह दिसलं की न्या.

शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ पासूनचं, आणि तेही बुधवारी बंद असतं. पाच वर्षांच्या मुलांसह आत जाण्यापेक्षा आवारातला दगडी हत्ती बघा. हा मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं ते ह्याच्यामुळे. काळा घोडा म्हणून ज्या चौकाला नाव पडलं तो मूळ घोडाही, वर बसलेल्या राजासकट, इथेच आणून ठेवलेला आहे. लेकीला दोन्ही भारी आवडले, कारण ते झोपत नाहीत.

९. परत

साडेबाराला निघा. मुलं छान खेळताहेत, अजून अर्धा तास थांबू, असं ज्या क्षणी वाटतं तोच निघायचा क्षण. त्या अर्ध्या तासानंतर जे होतं ते तुम्हाला माहीत आहे.

जेवण स्टेशनकडे जाताना साधं काहीतरी, डोसा किंवा वरणभात, जे मूल डोळे मिटूनही खाईल. गाडीत धाकटा झोपेल हे धरून चाला आणि खिडकीची जागा मोठीला द्या. संध्याकाळी मुगाची खिचडी आणि गरम पाण्याची आंघोळ. सोमवारचा शाळेचा डबा शुक्रवारीच ठरवून ठेवलेला असेल तर तुम्ही माझ्यापेक्षा हुशार.

आणि मुलाचं तिकीट जाऊन-येऊनचं काढलं असेल तर ते भायखळ्याला उतरल्यावर परत मागून घ्या. मी घेतलं नाही. लेकीने ते पेंग्विनपासून गोरखचिंचेपर्यंत घामेजल्या मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं. स्टेशनवर मूठ उघडली तेव्हा आत कागदाच्या लगद्याची एक गोळी होती. खिडकीवर रांगेत उभं राहून दुसरं काढलं, पुन्हा अर्धं.